पोत्यातलं चाक

झरी जामणी
४ नोव्हेंबर २०२४

ती. बा आणि याडी यांना रंजिताचा नमस्कार.

बा, राष्ट्रीय स्पर्धेच्या यादीत माझं नाव आलं. डोंगरातली सायकल शर्यत, फेब्रुवारीत, हरियाणात. महाराष्ट्रातून आम्ही चौघी जाणार. साहेबांनी रजा देतो म्हणून सांगितलं आहे. तोवर सकाळची गस्त मी सायकलवरच करते, म्हणजे वनरक्षकाचं काम होतं आणि सरावही.

बीटवर नेटवर्क नाही. पाटणच्या बाजाराला गेले की फोन लागतो, आणि तुम्ही नेमके तेव्हा दुकानात गिऱ्हाइकात असता. म्हणून कागदावर लिहिते.

दुसरी गोष्ट सांगायची आहे. स्पर्धेसाठी चाकांची जोडी मी बाहेरून मागवली. स्कॉटलंडमध्ये एक छोटं दुकान आहे. फियोना नावाची बाई एकटी चाकं बांधते आणि जगभर पाठवते. नेटवर फॉर्म भरावा लागतो. तयार चाक देत नाहीत, चालवणारा माणूस पाहून बांधतात. वजन किती, रस्ता दगडाचा की मातीचा, उतारावर वेग किती, असं सगळं विचारलं होतं. याआधी कोणतं चाक मोडलं का, मोडलं असेल तर फोटो पाठवा, असाही एक रकाना होता. तो मी रिकामा ठेवला.

तुम्हाला न विचारता मागवलं, राग मानू नका. शाम पडला तेव्हापासून तुम्ही एकही चाक बांधलं नाही, दुकानात फक्त पंक्चर आणि चेन करता, हे मला कळलं आहे. मग मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते, की बा, मला चाकं बांधून द्या?

इथे जंगलात पार्सल येत नाही. म्हणून पत्ता ढाणकीच्या दुकानाचा दिला. ऑर्डरचा नंबर ४४१७. कुरियरवाल्याने विचारलं तर तोच सांगा. खोका उघडू नका, मी येऊन नेईन.

शामचा पाय कसा आहे? काठी सुटली का?

तुमची
रंजिता


ढाणकी
११ नोव्हेंबर

चि. रंजिताले देवीलालचा आशीर्वाद.

पत्र भेटलं. तुह्या याडीनं तांड्यात घरोघरी जाऊन सांगितलं. नाव निघालं हे लई चांगलं झालं.

चाकाचं वाचलं. राग आला नाही म्हनलं तर खोटं होईल. पन तुह्या जाग्यावर मी असतो तर मीबी हेच केलं असतं. ज्याच्या चाकानं भावाची मांडी मोडली त्याच्या हातचं चाक कोन घेईल?

शामची काठी सुटली. पाय ओढते अजून. पोलीस भरतीचं ग्राउंड यंदा गेलं, पुढच्या साली होईल असं डॉक्टर म्हनत नाही. सकाळी तांड्यातले पोरं रोडनं पळाले निघते, तवा तो दाराकडे पाठ करून चहा पिते.

आता माहं एक ऐक. तो रकाना रिकामा काहून ठेवला? बत्तीस साल झाले मले चाकं बांधून. दूधवाल्याचे बांधले, पोस्टमनचे बांधले, तू शर्यतीत उतरली तवापासून तुहे बांधले. एकबी चाक असं जाग्यावर दुमडलं नाही. त्या दिवशी काय चुकलं ते मले अजून समजलं नाही. स्पोक ढिले राह्यले, का जास्त ताणल्या गेले, का स्पोक आवळाचे निपल कच्चे होते? इचारू कोनाले? ही बाई रोज तेच काम करून राह्यली. तिले फोटो पाठव. देवीलाल राठोडचं काय चुकलं ते तिनं सांगावं. वाईट सांगितलं तरी चालते.

चाक मी फेकलं नाही. शेजारच्या उकंडाभाऊनं ते टेकडीवरून आनून देलं तवा मी तोंड फिरवून पोत्यात बांधलं आन माळ्यावर टाकलं. तवापासून सोडलं नाही.

बा


झरी जामणी
१९ नोव्हेंबर

ती. बा यांना नमस्कार.

तुमचं पत्र काल मिळालं.

चाकाचा विषय आता सोडून द्या, बा. तुमची काहीच चूक नव्हती, हे मी तेव्हाही सांगत होते. रिम कोणाचीही मोडते. मोठमोठ्या शर्यतीत लोकांच्या रिम मोडतात, कोणी बांधणाऱ्याकडे बोट दाखवत नाही. फोटो पाहून ती बाई तरी काय सांगणार? तिच्याकडे शंभर ऑर्डरी असतील. उगाच आपलं चाक मागे पडेल.

इथे आता गवत वाळायला लागलं, वणवा अडवायची जाळरेषा काढायचं काम सुरू झालं आहे. दिवसभर मजुरांबरोबर उभी असते. गेल्या आठवड्यात माथार्जुनच्या बाजूला वाघाचे पंजे दिसले, तेव्हापासून संध्याकाळचा सराव बंद केला. याडीला हे सांगू नका.

पोतं माळ्यावरच राहू द्या. सोडून काय फायदा? शामच्या डोळ्यांसमोर पुन्हा ते कशाला?

रंजिता


ढाणकी
२६ नोव्हेंबर

चि. रंजिताले आशीर्वाद.

तुहं पत्र यायच्या आधी काम होऊन गेलतं. रविवारी शामले म्हनलं, चाल, माळ्यावरून पोतं काढ. त्यानं काढलं, मी सोडलं. त्याले काही झालं नाही. उलट तोच म्हने, 'बा, चाक उजेडात धरा, सावली पडून राह्यली.' अकरा फोटो काढले. त्या दुकानाच्या साइटवर नंबर टाकून पाठवले. इंग्रजी त्यानंच लिहिलं. उत्तर तुह्या मेलवर येनार म्हने, ऑर्डर तुही आहे म्हून.

चाक मी लई वेळ फिरवून पाह्यलं.

तुले एक गोष्ट इचारतो. माह्याशिवाय त्या चाकाच्या स्पोकले दुसऱ्या कोनाची किल्ली लागलती का? नीट आठवून लिहिजो. घाई नाही.

बा


झरी जामणी
३ डिसेंबर

ती. बा यांना नमस्कार.

नाही. दुसऱ्या कोणाची किल्ली लागली नव्हती.

फियोनाचं उत्तर अजून आलं नाही. आलं की मी कळवते. शामला म्हणावं, तू तिकडे पुन्हा लिहू नको, मी पाहते.

पार्सल तिकडून निघालं असा मेसेज आला आहे. कस्टममध्ये आधार कार्ड मागितलं होतं, ते पाठवलं.

कामात आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

रंजिता


ढाणकी
१० डिसेंबर

बाई,

फोन दोन डाव लागला, तू उचलला नाही. म्हणून मी, शाम, लिहून राह्यलो.

तू नको म्हणलं होतं, तरी मी त्या फियोनाला माझ्या मेलवरून परत लिहिलं. बा रोज विचारत होते, उत्तर आलं का. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशीच आलं. तिनं लिहिलं की मी २९ नोव्हेंबरलाच रंजिताला सविस्तर कळवलं आहे, तुम्हाला पुन्हा पाठवते. म्हणजे तू ३ तारखेला 'उत्तर आलं नाही' लिहिलं तेव्हा ते तुझ्याजवळ चार दिवसांपासून होतं.

तिनं काय लिहिलं ते तुला माहीत आहे. तरी मी मराठीत लिहितो, कारण मला ते एकदा माझ्या हातानं लिहायचं आहे.

'चाकाचा एकही स्पोक तुटलेला नाही. बांधणी हाताची आहे आणि फार चांगली आहे. ज्यांनी बांधलं त्यांना माझा नमस्कार सांगा. रिमला एका जागी खोल ठोका आहे, तिथून तडा गेला आहे. तड्याच्या आत धूळ घट्ट बसली आहे, म्हणजे तडा अपघाताच्या आधीचा आहे. ठोक्याजवळच्या चार निपलच्या कडा घासल्या आहेत. कोणीतरी न बसणाऱ्या किल्लीनं तिथले स्पोक ताणून चाक सरळ केलं. दिसायला सरळ झालं असेल, पण असं चाक उतारावर नेऊ नये.'

बाई, बांच्या किल्ल्या मी लहानपणापासून पाहतो. त्या निपलवर घट्ट बसतात. ती घडीची, दहा औजारं असलेली किल्ली तुला अकोल्याच्या शर्यतीत बक्षीस मिळाली होती. आपल्या घरात दुसऱ्या कोणाजवळ नव्हती.

मी बांना म्हणलं, उत्तर आलं पण इंग्रजी अवघड आहे, लावून वाचतो. त्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं. जास्त दिवस हे माझ्याच्यानं होणार नाही. २२ तारखेपर्यंत तुझं पत्र आलं तर ठीक. नाही आलं तर मी त्यांना मेल वाचून दाखवतो.

माझ्या पायाचं मी काही लिहीत नाही. ते तूच ठरव काय लिहायचं.

शाम


झरी जामणी
१५ डिसेंबर

बा, याडी आणि शाम,

हे पत्र शामने मोठ्याने वाचावं. तिघांनी ऐकावं.

अकरा मे, शनिवार. तांड्यामागच्या टेकडीवर मी एकटी सराव करत होते. खालच्या वळणावर पुढचं चाक दगडावर आपटलं. मी पडले नाही, पण आवाज असा आला की मी तिथेच उतरले. रिमला ठोका पडला होता, चाक ब्रेकजवळ घासत होतं. आठ दिवसांनी राज्याची निवड चाचणी होती. बा, तुम्ही ते चाक पाहिलं असतं तर सायकल काढून घेतली असती, नवीन रिम नांदेडहून येईपर्यंत चाचणी निघून गेली असती. म्हणून मी झाडाखाली बसून त्या बक्षिसाच्या किल्लीने स्पोक ताणले. चाकाचा आउट, म्हणजे डुलणं, निघाला. चाक सरळ फिरायला लागलं. मला वाटलं, जमलं.

तडा तेव्हाच गेला होता का, हे मला दिसलं नव्हतं. पण मी नीट पाहिलंही नाही. पाहिलं तर दिसेल, याची भीती होती.

चार दिवस मी त्यावर फिरले. मोठा उतार घेतला नाही. कारण माझा त्या चाकावर भरवसा नव्हता. हे मी आज पहिल्यांदा स्वतःशी कबूल करते.

पंधरा तारखेला शाम टेकडीवर आला. म्हणाला, 'बाई, एक राउंड मारू दे. वरून येतो.' मी तोंड उघडलं. चाकाबद्दल सांगणार होते. पण सांगितलं असतं तर त्याने घरी सांगितलं असतं. मी म्हणाले, 'हळू ये.' एवढंच म्हणाले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे.

नांदेडच्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या दाराबाहेर, बा तुम्ही भिंतीला टेकून म्हणालात, 'माह्या हाताचं चाक होतं.' मी शेजारी उभी होते. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी गप्प राहिले. मग वाटलं, शाम शुद्धीवर आल्यावर सांगू. मग वाटलं, घरी आल्यावर. तो घरी आला तोवर तुम्ही चाकं बांधणं सोडलं होतं, आणि आता सांगायचं म्हणजे तेही सांगावं लागणार होतं, की इतके दिवस का नाही सांगितलं. चाचणी पुढे ढकलली गेली होती. जुलैत मी दुसऱ्याची सायकल मागून चाचणी दिली आणि निवडले गेले. झरीला बदली मिळाली तेव्हा मला बरं वाटलं, की लांब जाते आहे.

फियोनाचं उत्तर मी पाटणच्या बाजारात, कापसाच्या गाड्यांमागे उभी राहून वाचलं. चाक बांधणाऱ्याला तिने नमस्कार सांगितला होता. बा, तो तुमचा होता. तो मी सोळा दिवस दाबून ठेवला.

शाम, तुझ्या पायाबद्दल काय लिहायचं ते मी ठरवू शकले नाही. मी चार कागद फाडले. तुझी भरती माझ्यामुळे गेली.

चाकं आली असतील तर परत पाठवा, किंवा ठेवा. मी स्पर्धेला गेले नाही तरी चालेल.

रंजिता


ढाणकी
२८ डिसेंबर

रंजिता,

पत्र २० तारखेले भेटलं. शामनं वाचलं. मधी तो थांबला. याडी म्हने, 'राहू दे.' तो म्हने, 'नाही, पुरं वाचतो.' पुरं वाचलं, घडी केली, माह्या हातात देली आन बाहेर गेला.

आता माहं सांगतो. त्या रविवारी पोतं सोडलं तवाच मले दिसलतं. निपलच्या कडा घासल्या होत्या. माह्या किल्लीनं कडा घासत नाही. ठोका बोटाले लागला. स्पोक कुठले ताणले तेबी समजलं. शाम फोटो काढून राह्यलता आन मी चाक धरून उभा होतो. फोटो पाठवू नको म्हनता आलं असतं. नाही म्हनलं.

मंग तुले किल्लीचं इचारलं. मले उत्तर माहीत होतं. तू हो लिहिते का, एवढंच पाहाचं होतं. घाई नाही असंबी लिहिलं. तू लगेच 'नाही' असं लिहून पाठवलं. तो कागद मी तीन दिवस खिशात घेऊन फिरलो.

दगडावर चाक आपटनं हा गुन्हा नाही. ठोका लपवला, त्यालेबी मी समजून घेतलं असतं, वय तसं आहे. पन सात महिने, रंजिता. गिऱ्हाईक चाक घेऊन आलं की मी त्याले उमरखेडले पाठवत होतो. लोक इचारत होते, देवीलाल, हाताले काय झालं? मी म्हनो, नजर कमी झाली. डॉक्टरकडून चष्मा बनवला, नंबर नसतानी. आन तू दर डाव म्हनत होती, तुमची चूक नव्हती. ते ऐकून मले वाटे, पोरगी किती मोठ्या मनाची आहे.

स्पर्धेले जानार नाही म्हनते. ते कायले? त्यानं शामचा पाय वापस येते का?

चाकं २३ तारखेले आले. खोका फोडला नाही. पन मी पाठवनार नाही, शामबी घेऊन येनार नाही. तू ये. कागदावर लिहिलं ते त्याच्यासमोर उभी राहून सांग. तो काय म्हनेल ते ऐक. मंग चाकं ने.

देवीलाल


झरी जामणी
१७ फेब्रुवारी २०२५

ती. बा आणि याडी यांना नमस्कार.

जानेवारीत घरी आले तेव्हा तुमच्याशी बोलता आलं नाही. तुम्ही दुकानातून आलाच नाहीत, आणि मी शेवटची बस पकडायची म्हणून निघाले. शामशी काय बोलणं झालं ते त्याने तुम्हाला सांगितलं की नाही, माहीत नाही. म्हणून मी लिहिते.

मी सगळं त्याच्यासमोर सांगितलं. तो खाटेवर बसून पायाची पट्टी गुंडाळत होता. ऐकून झाल्यावर त्याने एकच विचारलं.

'मी सायकल घेऊन वर चढत होतो तवा तू काय करत होती?'

'पाहत होते.'

'हाक माराची वाटली का?'

'वाटली.'

'मंग मारली काहून नाही?'

'वाटलं, एका राउंडनं काय होते.'

तो उठला आणि मागच्या दाराने गेला. तासाभराने आला तेव्हा खोका त्याच्या खांद्यावर होता. दुकानापासून तांड्यापर्यंत पायी आणला होता. बा, त्या पायाने. मी घ्यायला पुढे झाले तर तो म्हणाला, 'हात लावू नको.' अंगणात ठेवला आणि म्हणाला, 'आता ने.' मला स्टँडवर सोडायला कोणी आलं नाही. ते बरोबरच होतं.

शर्यत नऊ तारखेला झाली. सत्तावीस जणींत माझा अकरावा नंबर आला.

दुसऱ्या फेरीपर्यंत मी सहावी होते. कड्याखालच्या उतारावर पुढचं चाक दगडाला लागलं. जोरात नाही. पण मी ब्रेक मारला आणि उतरले. आमचे कोच दोरीपलीकडून ओरडत होते, 'काय झालं? चल, निघ.' मी सायकल आडवी केली, चाक फिरवून पाहिलं, सगळीकडून बोट फिरवलं. एक स्पोक ढिला नव्हता, रिमला ओरखडाही नव्हता. तेवढ्यात पाच जणी पुढे गेल्या. मग बसले आणि शर्यत पुरी केली.

कोच अजून विचारतात, का थांबलीस. त्यांना काय सांगणार?

रंजिता


ढाणकी
२४ फेब्रुवारी

चि. रंजिताले आशीर्वाद.

पत्र भेटलं. तू आली तवा मी दुकानातच होतो, शटर अर्धं ओढून. यायचं होतं. पाय निघाला नाही. शाम खोका न्यायले आला, मी म्हनलं, राहू दे, सायकलवर टाकून नेतो. तो म्हने, 'नाही, मी नेतो.' मी मागून पाहत राह्यलो. चार ठिकानी थांबला तो.

आता दुकानात परत चाकं बांधून राह्यलो. पहिलं शामसाठी बांधलं. त्यानंच म्हनलं. तीन डाव खोललं. मनच मानत नव्हतं. चौथ्या खेपेले जमलं. पहिले मी बसलो, टेकडीच्या खालच्या रस्त्यानं पुलापर्यंत गेलो, वापस आलो. मंग तो बसला. उजवा पाय पायडलवरून घसरे, तरी गेला. आला तवा घामानं भिजलता. उतरून चाक फिरवलं, एक डोळा मिटून पाह्यलं आन म्हने, 'आउट नाही.'

तो तुह्यासंगं कवा बोलेल ते मले माहीत नाही. मी त्याले म्हननारबी नाही. ते त्याचं आहे. याडी इचारते, होळीले येते का. ये.

फियोनाबाईले माहा नमस्कार कळवजो. चाकं पाहाले भेटले नाही मले, पन बांधले चांगलेच असतीन.

शर्यतीत तू उतरून चाक पाह्यलं ते मी दोनदा वाचलं. पाच जनी गेल्या तर जाऊ दे. तुह्या कोचले समजनार नाही, मले समजलं.

आन हे ध्यानात ठेवजो. याच्यापुढे कुठी पडली, काही ठोकलं, काही मोडलं, तर त्याच दिवशी सांगजो. मी शिव्या देईन. तरी सांगजो.

बा